ठराव झाला, पुढे काय?

आम्ही बीबीची माणसं. ग्रामसभेला जायचो, मागे बसायचो, सही करून घरी यायचो. ठराव झाला म्हणजे काम झाले, असेच आम्हाला वाटे.

पण महाड आठवा. चवदार तळे सर्वांना खुले, असा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जावे लागले.

म्हणून आता आम्ही विचारणार आहोत : ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात; यंदा ते कशावर खर्चले? उत्तर प्रोसिडिंग बुकात लिहून घेऊ. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आमच्या बायाही हेच विचारतील. विचारल्याशिवाय ठरावाला पाय फुटत नाहीत.