आधी लिहायचं, मग द्यायचं

आमच्या घरातला पैसा मोठ्या खरेदीत कधी हरवला नाही. फ्रिज घेताना चार दुकानं पालथी घालायची, ओळखीच्यांना विचारायचं, भाव करायचा, हे आम्ही दोघंही मनापासून करतो. पैसा जायचा तो एकशे ऐंशी, दोनशे चाळीस, नव्व्याण्णव अशा रकमांतून. महिनाअखेर आली की नवरा विचारायचा, "गेले कुठे?" मलाही नेमकं सांगता यायचं नाही.

म्हणून बँकेचं स्टेटमेंट छापून घेतलं आणि दोघं पेन्सिल घेऊन बसलो. दूध, वीज, गॅस, पेट्रोल हे सगळं अंदाजाएवढंच निघालं. फुगलेला होता तो किराणा. महिन्याची यादी नेहमीच्या वाण्याकडे जायचीच, शिवाय दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून जवळपास रोज काहीतरी यायचं. हवी असायची कोथिंबिरीची जुडी. पण ठरावीक रकमेच्या पुढे डिलिव्हरी फुकट, म्हणून सोबत चीज, बिस्किटं, घरात आधीच असलेला सॉस.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी समजली. चहा, भाजी, रिक्षा यांच्या नोंदी स्टेटमेंटमध्ये नव्हत्याच. त्यासाठी आम्ही यूपीआय लाइट वापरत होतो. त्यात आधी थोडी रक्कम भरून ठेवायची आणि छोटे व्यवहार पिन न टाकता करायचे. स्टेटमेंटमध्ये दिसतं ते फक्त पैसे भरल्याचं. ते कुणाकुणाला गेले, हे तिथे कळत नाही. घाईच्या वेळी ही सोय चांगली आहे, पण ज्यांना पै-पैचा माग काढायचा आहे त्यांच्या ती कामाची नाही. आम्ही ती बंद केली. पिन टाकताना जे दोन क्षण थांबावं लागतं, ते मला हवे होते.

मग घरखर्चासाठी वेगळं खातं ठरवलं. दोघांचंही यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलं, पगाराची खाती ॲपमधून काढून टाकली. एक तारखेला त्यात ठरलेली रक्कम जाते. वहीत सदरं केली आणि नियम एकच ठेवला: आधी लिहायचं, मग द्यायचं. पूर्वीही मी हिशेब लिहायचे, पण रात्री, खर्च होऊन गेल्यावर. त्या नोंदींनी एक रुपया वाचवला नाही. पैसे देण्याआधी 'भाजी' या सदरात किती उरलेत ते पाहिलं की हात आपोआप आवरतो. वही घरी आणि आपण बाजारात, अशा वेळी फोनमधल्या टिपणात लिहितो. आणि हे दोघांनीही करायचं. घराचा हिशेब म्हणजे बाईचं काम, ही समजूत जिथे आहे तिथे बजेट टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

न ठरवलेल्या खरेदीसाठी फ्रिजवर एक कागद लावला. ज्याला जे हवंसं वाटेल त्याने ते तिथे लिहायचं. वस्तू, किंमत, तारीख. निर्णय पुढच्या एक तारखेला. एअर फ्रायर त्या कागदावर बरेच महिने होता. दर वेळी किंमत पाहायची, कढई आहेच म्हणायचं आणि पुढे ढकलायचं. शेवटी मीच तो खोडला. लेकीचे खेळाचे बूट मात्र पहिल्याच एक तारखेला आले, तेही चांगल्यातले, कारण त्या महिन्यात पैसे तसेच शिल्लक होते. थांबल्यावरही जी गोष्ट हवीशी वाटते, ती घेताना मन खात नाही.

थांबणं अवघड जातं, कारण समोरचा आपल्याला थांबू देत नाही. 'फक्त दोन शिल्लक', उलटं धावणारं घड्याळ, आपण न निवडता बिलात शिरलेली वस्तू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई निर्माण करणं हा त्यातलाच एक प्रकार. हे वाचल्यावर मला मोठा दिलासा मिळाला. मोह होतो तो निव्वळ आपल्या स्वभावामुळे नाही, तो घडवला जातो. मी खरेदीच्या सगळ्या ॲपच्या सूचना बंद केल्या आणि साठवलेले कार्डाचे तपशील काढून टाकले.

तरीही बजेट मोडायचं ते जूनमध्ये आणि गणपती-दिवाळीला. शाळेची फी दर जूनमध्ये येते, गहू-तांदूळ दर उन्हाळ्यात भरायचे असतात, तरी आम्ही त्यांना 'अचानक' म्हणायचो. वर्षाची मोजदाद केली: फी आणि वह्या-पुस्तकं 45,000, विम्याचे हप्ते 21,000, धान्य आणि मसाला 16,000, सणवार 30,000, लग्नकार्यातले आहेर आणि प्रवास 14,000. एकूण 1,26,000, म्हणजे महिन्याला 10,500. तेवढे आता पगार होताच बाजूला पडतात. पूर्वी ही तोंडमिळवणी क्रेडिट कार्डावर व्हायची. बिलातली किमान रक्कम भरून उरलेलं पुढे ढकललं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागू शकतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. घरातल्या सगळ्या बदलांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दरमहा रक्कम बाजूला काढण्याचा.

एक सदर मात्र हिशेबाबाहेर आहे. दोघांना दर महिन्याला सारखाच हातखर्च, आणि त्याचं काय केलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मी त्यातून पुस्तकं घेते, कधी मैत्रिणीबरोबर मिसळ खाते. नवरा काय करतो ते मला माहीत नाही. प्रत्येक चहाचा जाब द्यावा लागला असता तर वही केव्हाच बंद पडली असती.

सध्या प्रश्न आहे तो सासूबाईंच्या औषधांचा. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यापासून ते सदर कमी पडू लागलंय. आई म्हणतात, दिवाळीला मला साडी नको, त्यातून भागवा. ते आम्हा दोघांनाही मान्य नाही. बाहेर जेवायला जाण्यातून कापावं असं मला वाटतं, नवरा पेट्रोल कमी करून बसने जायचं म्हणतोय. एक तारखेला सगळे बसून ठरवू. तोवर ती रक्कम बचतीतून देतो आणि तशी नोंद वहीत करतो.