जुन्या नावाची नोंद

आपल्या वस्त्यांतील विहारांना जोडून आता अभ्यासिका उभ्या राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी विहारात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, एक सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट एवढेच असे. आता त्या कपाटाशेजारी संगणक येऊन बसला आहे. कुठे एखाद्या नोकरदार बांधवाने दिलेला, कुठे लोकवर्गणीतून घेतलेला. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीची जाहिरात, लग्नाचा बायोडाटा, सगळे त्याच्यावरच. हे यंत्र अडले की दहा घरांचे काम अडते. म्हणून आज आम्ही एका बारीकशा अडचणीबद्दल लिहीत आहोत. ती खरे तर बिघाड नव्हेच. पण माहिती नसल्यामुळे आपल्या लोकांचे पैसे खाते, आणि कधी पैशापेक्षा मोलाचे काही गिळू पाहते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली याच तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला सोपा. तर, आमच्या अभ्यासिकेतील संगणक विंडोज ११ चालेल इतपत नवा होता. वर्गणी काढून एक लहान एसएसडी घेतली आणि दुकानातल्या कारागिराने तिच्यावर विंडोज ११ बसवून दिले. जुनी हार्डडिस्क त्याने आतच ठेवली. तिच्यातला विंडोज १० चा कप्पा रिकामा केला, दुसरा कप्पा तसाच ठेवला. त्या दुसऱ्या कप्प्यात आमच्या तरुणांनी घरोघर फिरून घेतलेली ध्वनिमुद्रणे होती. लहानपणी आईबापांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेल्या वृद्धांच्या आठवणी. त्यातले तीन जण आज हयात नाहीत. त्या आवाजांच्या प्रती काढण्याचे काम तेव्हा अर्ध्यावर होते.

नवीन प्रणाली बसली, पण संगणक सुरू केला की एक निळा पडदा येऊ लागला. त्यावर दोन नावे : विंडोज ११ आणि विंडोज १०. कोणती हवी ते निवडा, नाहीतर तीस सेकंद थांबा. सरावाची मुले पहिले नाव दाबून पुढे जात. मग कुणीतरी खेळता खेळता त्याच पडद्यावरच्या पर्यायांत जाऊन विंडोज १० हेच ठरलेले नाव करून ठेवले. झाले! आता तीस सेकंद कुणी काही दाबले नाही, तर यंत्र रिकाम्या कप्प्याकडे धाव घेई आणि ‘दुरुस्तीची गरज आहे’ असा संदेश दाखवून थांबून राही.

हे नेमके घडले ते बारावीनंतर प्रवेश घेतलेल्या एका मुलीच्या बाबतीत. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी आम्ही कचेरीतून येतो तो पोर दारातच उभी. ‘काका, कंप्युटर मेला. आजच शेवटची तारीख आहे.’ तोवर कुणीतरी दुकानात फोन करून आले होते. उत्तर मिळाले होते : जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट करावी लागेल, पाचशे रुपये होतील, उद्या या.

आम्ही यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, निळा पडदा येताच विंडोज ११ हे नाव निवडले. संगणक चालू झाला. रात्री दहाच्या आत अर्ज गेला. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर त्याच मुलीला आणि आणखी चार मुलांना बसवून ती जुनी नोंद कायमची काढायला शिकवले. ते येथे सविस्तर देतो.

आधी कारण समजून घ्यावे. चाळीच्या जिन्याशी भाडेकरूंच्या नावांची पाटी असते. एखादा भाडेकरू खोली सोडून गेला, खोली रिकामी झाली, तरी पाटीवरचे नाव आपोआप पुसले जात नाही. नवा पोस्टमन ते नाव वाचून रिकाम्या खोलीचे दार ठोठावत बसतो. संगणकातही अशीच पाटी असते. विंडोज एक्सपीच्या काळात ती ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची साधी मजकुराची फाईल होती. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तिची जागा ‘बीसीडी’ या नोंदवहीने घेतली. कप्पा रिकामा केला म्हणून नोंद जात नाही. तसेच नोंद काढली म्हणून कप्प्यातील सामानाला धक्का लागत नाही. या दोन वाक्यांत सगळे आले.

म्हणजे फॉरमॅटचा सल्ला चुकीचा होताच, पण धोक्याचाही होता. जुनी डिस्क आत असताना दुसऱ्या डिस्कवर विंडोज बसवले, तर पुष्कळदा सुरुवातीच्या फायली आणि ती नोंदवही जुन्या डिस्कवरच राहते. आमचे तसेच होते. पाटी ज्या भिंतीवर टांगलेली, ती भिंतच पाडली असती तर नवे विंडोजही सुरू झाले नसते. आणि वृद्धांचे आवाज गेले असते ते वेगळेच.

आता कृती. हव्या त्या विंडोजमधून संगणक सुरू करा. महत्त्वाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर घ्या. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून जवळ ठेवा. सुरुवातीच्या नोंदी बदलल्या की ती मागितली जाऊ शकते. मग कळफलकावरचे विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकदम दाबा. चौकट येईल. तिच्यात ‘एमएसकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात ‘बूट’ हा विभाग निवडा. तेथे दोन्ही नावे दिसतील. नावावर जाऊ नका, कारण एकच विंडोज दोनदा बसवले असेल तर दोन्ही नावे सारखीच असतात. शेजारी ‘करंट ओएस’ असे लिहिलेली नोंद म्हणजे आता चालू असलेली. तिला पुसायचे नाही. तिच्यावर टिचकी मारून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ दाबा. मग दुसऱ्या नोंदीवर टिचकी मारून ‘डिलीट’, नंतर ‘अप्लाय’ आणि ‘ओके’. संगणक पुन्हा सुरू करा. निळा पडदा येणार नाही.

एक सूचना. कुणी उबंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवून नंतर काढली असेल, तर तिचे नाव बहुधा मदरबोर्डच्या स्वतःच्या यादीत राहते. ते वरच्या खिडकीत दिसत नाही. तेथे जाणकाराला बोलवावे. मात्र ‘फॉरमॅट करा’ म्हणताच मान डोलवू नये, कारण विचारावे.

आमच्या मुलीने स्वतःच्या हाताने ‘डिलीट’ दाबले. पुन्हा सुरू केल्यावर यंत्र थेट चालू झाले. लगेच तिने जुना कप्पा उघडून पाहिला. एका आजीचा आवाज सुरू झाला आणि खोलीतली पोरे गप्प झाली.

येथवरचे यंत्राबद्दल झाले. पण त्याच महिन्यात एक गृहस्थ मुलीचा बायोडाटा करायला अभ्यासिकेत आले. टाइप करायला तीच मुलगी बसली होती. तिने संगणकातला ठरलेला नमुना उघडला. त्यात धर्म : बौद्ध. आणि खाली रास, नक्षत्र, नाडी, पोटजात! ती आमच्याकडे वळून म्हणाली, ‘काका, ह्या ओळी काढू का?’ गृहस्थ चपापले. म्हणाले, ‘रास-नक्षत्र काढ पोरी. पण पोटजात राहू दे. मुलीची बाजू आहे, समोरच्यांनी विचारले तर?’ आम्ही वाद घातला नाही. तीन दिवसांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, ‘ती ओळ काढून टाका. ह्याच ओळीपायी माझ्या थोरलीला दोन ठिकाणांहून नकार आलाय. दोन्ही घरे जयभीमवालीच होती.’

समाजबांधवांनो, यावर आम्ही काय बोलावे? १९५६ साली आपण नवी जीवनप्रणाली स्वीकारली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. बाबासाहेबांनी त्या घ्यायला लावल्या, कारण नवे बसवले म्हणून जुने आपोआप जात नाही, ते एकेक नाव घेऊन काढावे लागते, हे ते ओळखून होते. आणि तरी साडेबारा पोटजातींची पाटी आपल्या जिन्याशी टांगलेलीच आहे. लग्न ठरवायची वेळ आली की आपला पाय रिकाम्या खोलीकडे वळतो.

कुणी म्हणेल, मग जातीचा दाखला तरी कशाला काढता? हा प्रश्न आम्हांला तरुण मुले नेहमी विचारतात. धर्मांतरामुळे केंद्राच्या सवलतींपासून दूर राहिलेल्या बौद्धांना १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. तो दाखला म्हणजे जुन्या कप्प्यातली फाईल आहे. आपल्यावर काय अन्याय झाला याचा तो पुरावा आहे. तो जपायचा, हक्कासाठी दाखवायचा, मुलांना समजावून सांगायचा. आजीचा आवाज जपतो तसा. पण सकाळी उठून आपण कोण म्हणून कामाला लागायचे, त्या यादीत तो पर्याय नको. फाईल ठेवावी, नोंद काढावी.

तेव्हा आमची दोन मागणी आहेत. प्रत्येक विहारातील अभ्यासिकेने निदान दोन मुली आणि दोन मुले संगणकाच्या या घरगुती दुरुस्तीत तयार करावीत, म्हणजे शेवटच्या तारखेला कुणाचे पोर दारात रडत उभे राहणार नाही. आणि ज्या संगणकावर लग्नाचे बायोडाटे तयार होतात, त्यावरचा नमुना या रविवारी उघडून पाहावा. पोटजातीची ओळ असेल तर ती कुणी सांगण्याची वाट न पाहता काढावी. दोन्ही कामे मिळून अर्ध्या तासाची आहेत.

जयभीम!