एका मिनिटाची भाकरी

माझ्या खालाने वीस वर्षं विड्या वळल्या. डोळे साथ देईनासे झाले तेव्हा ती कडक भाकरीकडे वळली. सोलापुरात हे काही नवं नाही. इथल्या कितीतरी गल्ल्यांत बायका पहाटेपासून भाकऱ्या थापतात, मंद आचेवर दाबून दाबून पापडासारख्या वाळवतात आणि शेंगा चटणीबरोबर त्या पुण्या-मुंबईला जातात. नीट वाळलेली भाकरी महिनोन् महिने टिकते.

गेल्या वर्षी खालाच्या सुनेने मोबाईल स्टँडला लावला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे मथळा तपासायला माझ्याकडे आली. मथळा होता, ‘घरगुती ग्लूटेन फ्री ब्रेड, सोलापूर स्पेशल’.

"भाकरी म्हण ना," मी म्हटलं.

"टीचर, भाकरी कोण शोधतं? ग्लूटेन फ्री शोधतात."

तिचं चुकत नव्हतं. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आपल्या आज्यांची ज्वारी एकदम मोठ्या शहरांतल्या दुकानांत जाऊन बसली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मात्र आमच्या मोहल्ल्यात कुणाला पत्ताही नव्हता. आम्हाला ती फक्त शाळू म्हणून माहीत.

सुनेचा हिशेब सरळ होता. यूट्यूबने १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सवरच्या जाहिरातींच्या पैशांतला वाटा द्यायला सुरुवात केली. निर्मात्यांसाठी जी रक्कम ठरते तिच्यातले ४५ टक्के त्यांना मिळतात. पण त्या रांगेत उभं राहायला हजार सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. एक कोटी! मी फळ्यावर शून्यं मांडून दाखवली तर वर्ग हसेल. ती म्हणाली, "पैसे नाही आले तरी ऑर्डर येतील." आणि आल्या. तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओपासून आठवड्याला दोन-तीन पार्सलं जायला लागली. खालाचा हात सुंदर चालतो, ते पाहायलाच लोक थांबत असावेत.

मग एका आईचा मेसेज आला. मुलाला सिलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. तुमची भाकरी त्याला देऊ का? चालली तर दर महिन्याला मागवीन.

सून ‘शंभर टक्के सेफ’ लिहून पाठवणारच होती. मी म्हटलं, थांब, खालाला विचारू.

ज्वारीत ग्लूटेन नसतंच, हे खरं. म्हणून तर भाकरी अवघड. गव्हाच्या कणकेला ग्लूटेनची चिवट ओढ असते, ती लाटली की पसरते. ज्वारीच्या पिठाला ती ओढ नसते. अधणाचं कढत पाणी घालून पीठ चिकट करायचं, तळहाताने मळून मळून जीव काढायचा, मग थापायचं. पीठ जुनं असलं की विरी जातं आणि कडा फाटतात. पण प्रश्न ज्वारीचा नव्हता, गिरणीचा होता.

"खाला, पीठ कुठून आणता?"

"कोपऱ्यावरच्या गिरणीतून."

"त्याच्या आधी काय दळलेलं असतं?"

खाला हसली. "गहूच की! सगळ्यांचे गहूच असतात."

मग मी आजाराबद्दल सांगितलं. आपल्याकडे ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गिरणीच्या जात्यात राहिलेलं पीठ ते माप केव्हाच ओलांडू शकतं. शिवाय खालाचा तवा एकच, परात एकच, आणि संध्याकाळी त्याच परातीत चपात्यांची कणीक मळली जाते.

सून गप्प झाली. महिन्याचं बांधलेलं गिऱ्हाईक जात होतं आणि घरात तिच्या मुलाची फी थकली होती. तिला काय सांगणार? मी पगारी बाई, मला तत्त्वं परवडतात.

खाला म्हणाली, "नक्को बोल उसको. बच्चे का पेट है." मग बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, ती गोष्ट तिने सुनेला सांगितली. ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, पण गिरणीच्या पिठाला लावून मी पहिल्यांदाच ऐकली.

मथळा बदलला. ‘सोलापुरी ज्वारीची कडक भाकरी’, आणि खाली स्पष्ट लिहिलं की पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेलं आहे, सिलिअ‍ॅक असणाऱ्यांनी घेऊ नये. त्या आईसाठी खालाने एक वेगळा व्हिडिओ करायला लावला: ज्वारी आणून निवडा, गव्हाचा दाणा दिसला तर काढा, धुऊन वाळवा, ज्यात गहू कधी दळलेला नाही अशा घरच्या यंत्रावर दळा, तवा आणि परात वेगळी ठेवा, डॉक्टरांना विचारा. एवढं सगळं एका मिनिटात मावेना. दीड मिनिटाचा झाला आणि फारसा कुणी पाहिला नाही. त्या महिन्यात ऑर्डरीही कमी झाल्या. सून माझ्याशी आठवडाभर जरा तुटकच बोलत होती.

परवा त्या आईने फोटो पाठवला. तव्यावर तिची पहिली भाकरी, चारी बाजूंनी फाटलेली, एका ठिकाणी करपलेली. सूनबाईने मोबाईल खालाच्या डोळ्यांजवळ धरला. खालाने बराच वेळ निरखून पाहिलं.

"पानी ठंडा था," ती म्हणाली. "लिख उसको."