आमच्या घरांतला उजेड

घरांत कोणता दिवा लावावा हा कांहीं मासिकांत लिहिण्यासारखा विषय नव्हे, असें गेल्या वर्षीं कोणी म्हणालें असतें तर मीं मान डोलविली असती. दिवा तो दिवा. लावला म्हणजे दिसतें, मालवला म्हणजे दिसत नाहीं. परंतु याच विषयापायीं आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्या बाईंचा माझ्या हातून अपमान झाला, आणि तो माझ्या ध्यानांत येण्यास माझ्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया व्हावी लागली. म्हणून जें घडलें तें सांगतों.

आमचें घर वाईस. वडिलार्जित, जुन्या धाटणीचें. थोरले बंधु, वहिनी, मी, माझें कुटुंब, पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांचीं दोन मुलें मिळून आठ माणसें एका चुलीवर जेवतों. चूल आतां गॅसची झाली, इतकेंच.

माझें बालपण कंदिलाच्या उजेडांत गेलें. रोज संध्याकाळीं राखेनें कांच पुसण्याचें काम माझ्याकडे असे. पुढें वीज आली तेव्हां ओटीवर ४० वॉटचा एक बल्ब लागला. त्याच्या पिवळ्या उजेडांत मीं शब्दरूपावलि पाठ केली. मग नळीचे दिवे आले, आणि २०१५ च्या जानेवारींत केंद्र सरकारची उजाला योजना निघाल्यावर हळूहळू एलईडी आले. आमच्याकडे आले ते सारे पांढरेफेक. त्या उजेडांत वरणाचा रंग उडाल्यासारखा दिसे आणि देवघर दवाखान्यासारखें. मला तो कधींच रुचला नाहीं.

गेल्या वर्षीं दिवाळीपूर्वीं घरास रंग दिला, तेव्हां दिवे बदलण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. दुकानदारानें खोक्यांवरचे आंकडे दाखविले : २७००, ४०००, ६५००. हे आंकडे उष्णतेचे, केल्व्हिन या मापांतले. येथें एक गंमत आहे. ज्या दिव्यास आपण उबदार म्हणतों त्याचा आंकडा लहान, आणि ज्यास थंड म्हणतों त्याचा मोठा! लोहाराच्या भट्टींतलें लोखंड ज्यानें पाहिलें आहे त्यास हें कळण्यास अडचण पडूं नये. लोखंड प्रथम लाल होतें, मग नारिंगी, मग पिवळें, आणि फारच तापलें म्हणजे पांढरें. पदार्थ अधिक तापेल तसतसा त्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो. थंड आणि उबदार हे शब्द आपल्या मनाचे आहेत, भट्टीचे नव्हेत. मेणबत्तीची ज्योत या मापानें सुमारें १९०० ची, तारेचा जुना बल्ब २७०० च्या आसपासचा.

एलईडी मात्र असा तापून प्रकाश देत नाहीं. त्यांत मुळांत निळा प्रकाश निघतो, आणि त्यावर चढविलेला एक पिवळसर लेप त्यांतील कांहीं भाग पिवळ्या-तांबड्या प्रकाशांत पालटतो. दोहोंची मिसळ डोळ्यास पांढरी दिसते. लेपाच्या प्रमाणावर आणि घटकांवर उजेडाचा पिवळेपणा ठरतो. हा निळा दिवाच साधत नव्हता म्हणून घरगुती एलईडी कित्येक वर्षें अडून राहिला होता. तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांस २०१४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

मीं सरसकट २७०० चे दिवे आणले. स्वयंपाकघरांत ओट्यासमोरच्या भिंतीवर २० वॉटची पांढरी पट्टी होती; ती काढविली आणि छताच्या मधोमध ९ वॉटचा पिवळा बल्ब बसविला. पहिल्या संध्याकाळीं सारें घर जुन्या सोन्यासारखें दिसलें. दादांनीं समाधान दाखविलें. वहिनी मात्र म्हणाल्या, “भावोजी, इकडे जरा मंद वाटतो.” मी म्हणालों, “सवय होईल.” पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाची ही खोड असते, समोरच्याचें म्हणणें त्यास शंका म्हणूनच ऐकूं येतें, आणि तिचें निरसन करून तो मोकळा होतो.

आमच्याकडे तांदूळ भोराकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्यानें येतो. चवीस उत्तम, परंतु त्यांत खडे असतात. रात्रीं जेवणें उरकल्यावर दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडून ठेवावयाचे ही वहिनींची रीत. लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हांपासूनची; आज त्यांचें वय एकोणसत्तर आहे. माघांत मातोश्रींचें सांवत्सरिक श्राद्ध होतें. पंक्तीस बसलेल्या गुरुजींच्या दाताखालीं भातांतला खडा आला. ते कांहीं बोलले नाहींत. आवाज मात्र सर्वांस ऐकूं आला. मी भर पंक्तींत बोलून गेलों, “वहिनींचें आतां वय झालें. निवडणें-टिपणें सूनबाईंकडे द्यावें.”

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सूप सूनबाईंच्या खोलीच्या दाराशीं भिंतीस टेकवून ठेवलेलें दिसलें. मला त्याचें विशेष कांहीं वाटलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

उन्हाळ्यांत माझ्या डाव्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढला. कांहीं दिवसांनीं सकाळीं देवपूजेस बसलों होतों. शंख हातांत घेतला आणि सहज उजवा डोळा मिटला, तों शंख दुधासारखा पांढरा. डावा मिटून उजव्यानें पाहिलें, तों तोच शंख जुन्या पोथीच्या पानासारखा पिवळट! पुनःपुन्हां पाहिलें, तेंच. पाठशाळेंत न्यायाचे धडे घेतांना भ्रमाचें उदाहरण म्हणून हाच शंख आम्हांस शिकविला होता : पित्तदोषानें पीडलेल्यास पांढरा शंख पिवळा दिसतो. पुढें मीं स्वतः तें उदाहरण किती मुलांस सांगितलें असेल त्याची गणति नाहीं. तो दोषी डोळा आपला असूं शकेल हें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

डॉक्टरांस विचारलें. वयाबरोबर डोळ्यांतलें भिंग पिवळें पडत जातें आणि निळा प्रकाश अडवितें. हा पालट इतका सावकाश होतो कीं मन परस्पर त्याचा हिशेब जुळवून घेतें. शिवाय बाहुलीहि पूर्वींइतकी उघडत नाहीं. विशींतल्या माणसाच्या मानानें साठीच्या माणसाच्या डोळ्यांतील पडद्यापर्यंत उजेड सुमारें एकतृतीयांशच पोंचतो. म्हणजे आमच्या घरांत उजेडाची सर्वांत अधिक गरज कोणास होती, हें सांगावयास नकोच.

त्या रात्रीं मीं सूनबाईंकडून सूप मागून घेतलें आणि वहिनी बसत त्याच जागीं, ओट्याजवळ भिंतीकडे तोंड करून बसलों. दिवा पाठीशीं. माझीच सावली सुपांत पडली. पांढरा खडा आणि तांदूळ निराळे ओळखूं येईनात. नव्या डोळ्यानेंहि नाहीं. किलोभर तांदूळ मोठ्या नेटानें निवडले. सकाळीं तेच ओटीवर उन्हांत पसरून पाहिले, तर मीं तसेच राहूं दिलेले सात खडे निघाले.

खरें पाहतां दोष पिवळ्या रंगाचा थोडा, आणि माझा पुष्कळ. वॉट हें विजेच्या खर्चाचें माप. उजेडाचें माप लूमेन. जुना ६० वॉटचा बल्ब ७००-८०० लूमेन देई. तेवढा उजेड आतां ८-९ वॉटांत मिळतो. मीं काढविलेली पट्टी सुमारें २००० लूमेनची होती, आणि लावलेला बल्ब ९०० च्या आंतबाहेर. म्हणजे उजेड निम्म्याहून कमी केला, वर तो समोरचा काढून पाठीमागें नेला. रंगाच्या मोहांत माप आणि जागा दोन्हींचा विसर पडला.

वहिनींस हें सांगावयास मला दोन दिवस लागले. बोललों होतों पंक्तींत, म्हणून सांगितलेंहि पंक्तींतच : “श्राद्धाच्या दिवशींची चूक तुमच्या डोळ्यांची नव्हती. मीं लावलेल्या दिव्याची होती.” वहिनी आमटी वाढीत होत्या. “मीं तेव्हांच म्हटलें होतें, मंद आहे म्हणून,” एवढेंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. दादा खालीं मान घालून हंसले.

नवे दिवे आणावयास या खेपेस वहिनी बरोबर आल्या, आणि येतांना पिशवींत कुंकवाचा करंडा घेऊन आल्या! दुकानदारानें ४००० केल्व्हिनच्याच दोन पट्ट्या लावून दाखविल्या. एकीखालीं कुंकू विटकरीच्या भुकटीसारखें दिसलें, दुसरीखालीं कुंकवासारखें. पहिलीच्या खोक्यावर सीआरआय ८० होता, दुसरीच्या ९०. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा हा गुणांक. त्यांतहि मेख अशी कीं तो आठ सौम्य रंगांची सरासरी असतो, गडद तांबडा त्यांत धरलेलाच नसतो. म्हणून आठ विषयांत उत्तीर्ण झालेला दिवा कुंकवाच्या परीक्षेंत नापास होऊं शकतो. फोडणी करपली कीं खरपूस झाली, भाजीचा देठ ताजा कीं शिळा, हें सारें या गुणावर अवलंबून. स्वयंपाकघरांत ९० ची पट्टी आली, पूर्वींच्याच भिंतीवर.

देवघर मीं बदलूं दिलें नाहीं. तेथें निरांजनाशीं जुळणारा २७०० चा लहानसा दिवा आहे, आणि तो तसाच राहील. निजण्याच्या खोल्यांतहि पिवळाच ठेवला, आणि त्याला आधार आहे. डोळ्याच्या पडद्यांत पाहण्याच्या कामीं फारशा न येणाऱ्या कांहीं पेशी आहेत. त्या निळ्या उजेडावरून दिवस-रात्र ओळखून झोपेचें तंत्र चालवितात, असें २००२ च्या सुमारास सिद्ध झालें. रात्रीं उठणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीं बोळांत गुडघ्याइतक्या उंचीवर एक मंद पिवळा दिवा लावला. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ४००० चा. माजघरांत पुतण्यानें एक तीनरंगी दिवा आणला आहे; बटण एकदां बंद करून पुन्हां लावलें कीं रंग पालटतो. धाकटा नातू तो दिवसांतून वीसदां पालटतो. तो दिवा किती दिवस टिकेल तें देव जाणे.

१९४१ मध्यें क्रुइथॉफ नांवाच्या डच शास्त्रज्ञानें असें मांडलें होतें कीं मंद उजेड पिवळा असला तर सुखवितो, आणि भरपूर उजेड पांढरा असला तर. पुढील प्रयोगांनीं त्यास पुरता दुजोरा दिला नाहीं. आमच्या घरापुरतें तें बरेंच खरें ठरलें आहे.

सूप पुन्हां वहिनींकडे गेलें. सूनबाई शेजारीं बसून शिकतात. माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया येत्या मार्गशीर्षांत ठरली आहे. माडीवरच्या माझ्या टेबलासाठीं एक दिवा घ्यावयाचा राहिला आहे, परवां पिशवी घेऊन निघालों, तर वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, “तो डोळा झाल्यावर मग जा दुकानांत, भावोजी.” पिशवी परत खुंटीस लावली.