सांध्यातली पट्टी

गाडीचे मडगार्ड आणि बॉडी यांच्या सांध्यात जी बारीक गोल कड दिसते, तिला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्याला ती निव्वळ शोभेची वाटते. आम्ही संध्याकाळी जुहूच्या एका गॅरेजचे हिशेब लिहून देतो. तेथे तिचे खरे काम आम्हाला कळले.

एक जुना फार्गो ट्रक तेथे नव्याने उभा करायला आला होता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, फार्गो ट्रकची जोडणी होऊ लागली. त्याच घराण्यातला हा ट्रक.

रंग वाळला, मडगार्ड चढवायची वेळ आली. शेठ म्हणाले, "सांध्यात पुट्टी भरा आणि गाडी देऊन टाका." आमच्या वस्तीतला एक मुलगा तेथे हेल्पर आहे. शाळा आठवीत सुटलेली. तो म्हणाला, "शेठ, मडगार्ड हलणारच. पुट्टी तडकेल, पत्र्यावर पत्रा घासेल, रंग जाईल. त्यात इथलं खारं वारं. आतून गंज धरेल."

त्याने पट्टी घटकाभर उन्हात ठेवून नरम केली. मडगार्डचे बोल्ट सैल अडकवले. बोल्ट येतात तेथे पट्टीच्या चपट्या भागाला खाचा पाडल्या. वळणावर चुण्या पडू नयेत म्हणून लहान तिरके काप दिले. गोल कड बाहेर एकसारखी ठेवीत, मधल्या बोल्टपासून टोकांकडे थोडे थोडे आवळत गेला. दोन मडगार्डांना अख्खा दिवस लागला.

बिल करताना शेठ म्हणाले, "ते किरकोळमध्ये टाका." आम्ही बीकॉम झालेलो आहोत. ज्या श्रमाला वहीत नाव नाही, त्याला दामही मिळत नाही, हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत. आम्ही वेगळी ओळ लिहिली : बीडिंग बसविणे, कारागीर एक, एक दिवस. 'हेल्पर' लिहिले नाही. शेठनी कुरकुर केली. ट्रकवाल्याने मात्र सांध्यावरून बोट फिरवले आणि ती ओळ न कापता पैसे दिले. शनिवारी मुलाच्या हातात त्या दिवसाचा कारागिराचा रोज पडला.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतली कितीतरी मुले अशी गॅरेजांत राबतात. त्यांना एक वही घेऊन द्या. तारीख, काम, तास रोज लिहायला लावा. वही हाती असली की मजुरी मागताना जीभ अडखळत नाही.