एका फलकाचे वाचन

काशीत राजघाटाजवळ गंगेची पातळी मोजली जाते. ७०.२६२ मीटर ही इशाऱ्याची पातळी आणि ७१.२६२ मीटर ही धोक्याची. पावसाळा आला की ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरातील जुन्या मराठी घरांतून हे आकडे पंचांगातील तिथींसारखे उच्चारले जातात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. त्या पुराच्या आठवणी मी तिथे राहावयास गेलो तेव्हा अजून ओल्या होत्या. इशारा आणि धोका यांच्यामध्ये नेमके एका मीटरचे अंतर आहे. हा एक मीटर म्हणजे माणसाला शहाणे होण्यासाठी दिलेली मुदत, असे मला वाटते. मलाही अशी मुदत एकदा मिळाली होती. ती मी एका विनोदात घालवली.

गोष्ट १९८४ मधील. संशोधनाच्या निमित्ताने मी काशीत होतो आणि ब्रह्माघाटाजवळ एका मराठी कुटुंबाच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत राहत होतो. त्या घरातील मुलगा माझ्याच वयाचा. त्याचे संस्कृत उत्तम, मराठी आजोळच्या वळणाचे आणि हिंदी अस्सल बनारसी. पोहण्यात तर त्याचा हात धरणारा त्या आळीत कोणी नव्हता. काशीला गंगा उत्तरेकडे वळते आणि त्या वळणाचा बाहेरचा काठ म्हणजे घाट. प्रवाह या बाजूला कापीत जातो, म्हणून घाटाकडे खोली आणि पलीकडे रेती. शेवटची दिसणारी पायरी सोडली की पायाखाली काही उरत नाही, हे तिथली मुले चालायला लागण्याबरोबरच शिकतात. तोही तसाच शिकला होता. सकाळी संथपणे पलीकडची रेती गाठून परत येणे हा त्याचा नेम होता. गंगेला तो नदी म्हणत नसे. घरातील वडीलधाऱ्या बाईचा उल्लेख करावा तसा तिचा उल्लेख करी.

श्रावणातील एका रविवारी आम्ही पाचजण राजदरी-देवदरीचे धबधबे पाहण्यास निघालो. काशीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर विंध्याच्या पठारावरून चंद्रप्रभा नदी तिथे खाली उतरते. तो भाग तेव्हा वाराणसी जिल्ह्यातच होता. चंदौली जिल्हा वेगळा झाला तो १९९७ मध्ये. चंद्रप्रभा पुढे कर्मनाशेला मिळते. कर्मनाशेच्या पाण्याचा स्पर्श झाला तर साठवलेले पुण्य नाहीसे होते, ही समजूत त्या मुलखात फार जुनी. वाटेत त्यावरूनही आमच्या थट्टा चालल्या होत्या.

मुख्य प्रपातापासून काहीसे खाली, खडकांच्या आड, एक लहान धार कुंडात पडत होती. कुंडाच्या तोंडाशी पत्र्याचा एक फलक होता. त्यावर रंगाने लिहिले होते : ‘पानी गहरा है। यहाँ नहाना शक्त मना है।’

‘सख्त’ऐवजी ‘शक्त’. मी ती चूक तत्काळ पकडली. साहित्याच्या विद्यार्थ्याला असा शब्द म्हणजे पर्वणीच. मी फलकापुढे उभा राहून भाष्यकाराच्या थाटात म्हणालो, “नियम स्पष्ट आहे. जे शक्त आहेत त्यांना मनाई. आपण सारे अशक्त, सबब आपणांस अनुज्ञा.” सगळे हसले. तो सर्वांत मोठ्याने हसला आणि म्हणाला, “मग टीकाकारांच्या आज्ञेने,” आणि सदरा काढून पाण्यात उतरला.

धारेच्या दिशेने तो चार-सहा हात गेला. मग एकदा वर आला, त्याने मान वळवली. आम्हांला वाटले, तो हसतो आहे. त्यानंतर तो वर आला नाही. आमच्यातील कोणालाही तिथे उतरणे शक्य नव्हते. गावातील माणसे दोर घेऊन आली तेव्हा दुपार कलली होती, आणि तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी.

इतका तरबेज पोहणारा एवढ्याशा कुंडात कसा बुडाला, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे मला छळीत राहिला. उत्तर मला हळूहळू, इतरांच्या शास्त्रातून मिळाले. धारेखालचे पाणी पांढरे दिसते कारण त्यात हवा कोंडलेली असते. असे पाणी हलके असते. ते शरीराला तोलून धरीत नाही आणि हातालाही पुरेसा आधार देत नाही. वरून पडलेले पाणी तळाशी जाते, पुढे सरकून वर येते आणि त्यातील काही पुन्हा धारेकडेच ओढले जाते. त्या चक्रात सापडलेला माणूस पृष्ठभागाकडे जितका झगडतो तितका थकत जातो. तळाला झिजलेल्या खडकांच्या कपारी असतात. कडेच्या दगडांवर शेवाळ असते. आणि आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पठारावर पडलेला पाऊस काही मिनिटांत ओढ्याचे रूप पालटू शकतो. गंगेत कमावलेली विद्या या पाण्याला लागू नव्हती. फलक लिहिणाऱ्याला एवढे शास्त्र ठाऊक असेल-नसेल. पण ते कुंड त्याला ठाऊक होते.

तेराव्यानंतर काकूंनी मला माजघरात बोलावले. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “अरे, तिथे काही लिहिलेले नव्हते का रे? माझा मुलगा लिहिलेले मोडणारा नव्हता.” मी म्हणालो, “नव्हते, काकू.” त्यांनी मान हलवली आणि माझ्यापुढे चहा ठेवला. महिन्याभरात मी ती खोली सोडली.

त्यानंतर चाळीस वर्षे मी वाचनाचा व्यवसाय केला. संहितेचा अर्थ तिच्या शब्दांपलीकडे कसा असतो, हे विद्यार्थ्यांना शिकवले. पंडितराज जगन्नाथाची ‘गंगालहरी’ शिकवताना ती आख्यायिकाही सांगितली : पंचगंगा घाटावर एकेका श्लोकागणिक गंगा एकेक पायरी चढत आली आणि बावन्नाव्या पायरीवर तिने कवीला पोटात घेतले. वर्ग भारावून जाई. मी मात्र दर वेळी थोडा अडखळे. पाण्याला आई म्हणणाऱ्या आपल्या काव्याने पाण्यात बुडण्यालाही अनुग्रहाचे रूप दिले आहे. ती कल्पना सुंदर आहे, हे मी आजही नाकारणार नाही. पण ज्या घरात एक ताट कमी मांडले जाते, तिथे ती कल्पना उच्चारवत नाही.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. पाण्यामधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिली. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चारजणांचे प्राण गेले. तिथेही धोक्याची सूचना देणारा फलक होता. अशा बातमीनंतर ‘लोक वाचत नाहीत’ असे म्हटले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. लोक वाचतात, परंतु ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे, असे त्यांना वाटत नाही. कोणाला आपल्या पोहण्याचा भरवसा असतो, कोणाला सोबतच्या गर्दीचा. मला माझ्या व्याकरणाचा होता.

ज्याने तो पत्रा रंगवला, त्याने बहुधा त्या कुंडातून कोणाला तरी बाहेर काढताना पाहिले असावे. त्याच्याजवळ सांगण्यासारखे एकच वाक्य होते आणि ते त्याने जमेल तसे लिहिले. अक्षर चुकले होते, अर्थ चुकला नव्हता. माझ्या वाचनात मात्र अक्षर बरोबर होते.

काकू जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्यांना उत्तर द्यायचे राहून गेले आहे, ते इथे देतो. तिथे लिहिलेले होते, काकू. मी ते वाचले होते.