खुले म्हणजे कोणाला खुले?

द्वितीय वर्ष, कला

आमच्या वर्गात आज बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूची जन्मकथा सहसा कोणी विचारीत नाही. घरातला पाटा-वरवंटा कोणी घडवला हे आपण कुठे विचारतो? पण या फोनच्या जन्माच्या वेळी एका शब्दाचा फार गाजावाजा झाला होता. तो शब्द म्हणजे 'खुला'. त्या वेळी लोक काय म्हणाले हे वाचू लागले, आणि तो शब्द माझ्या मनात रुतून बसला.

२३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये टी-मोबाईल कंपनीने 'जी-१' नावाचा फोन जाहीर केला. बांधणी तैवानच्या एचटीसीची आणि आतली कार्यप्रणाली गूगलची अँड्रॉइड. अँड्रॉइडवर चालणारा बाजारातला हा पहिलाच फोन. मी तेव्हा नीट बोलायलाही शिकले नव्हते.

फोन पाहून अनेकांनी नाक मुरडले. आदल्या वर्षीच ॲपलचा आयफोन आला होता. त्याच्या गुळगुळीत रूपापुढे हा जाडजूड, खालच्या बाजूला हनुवटी पुढे काढलेला आणि पडदा सरकवला की आतून टंकफलक बाहेर येणारा फोन लोकांना बोजड वाटला. गाणी ऐकायच्या साध्या हेडफोनला भोक नव्हते, त्यासाठी वेगळा जोड लागे. बॅटरी दिवसभर पुरत नाही अशीही ओरड झाली. आतल्या गोष्टींचे मात्र कौतुक झाले. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की आलेले निरोप एकत्र दिसत. ती सोय आजही आपल्या फोनवर आहे.

समारंभात गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांनी स्वतः लिहिलेल्या एका प्रोग्रामची हकीगत सांगितली. फोन हवेत उडवायचा आणि तो किती वेळ अधांतरी राहिला हे त्यानेच मोजायचे! पोरखेळच म्हणायचा. पण त्यात एक अर्थ होता. ज्याच्या हातात फोन, त्याने त्याला वाटेल ते शिकवावे.

'खुला' म्हणजे नेमके काय? आपल्याकडे गोडा मसाला विकत देणारे पुष्कळ, पण प्रमाण सांगणारा विरळा. २१ ऑक्टोबर २००८ रोजी अँड्रॉइडचे प्रमाणच, म्हणजे ज्या आज्ञावलीतून ती बनते ती मूळ आज्ञावली, जगापुढे ठेवली गेली. कोणीही वाचावी, बदलावी, आपल्या फोनमध्ये घालावी. त्यासाठी परवान्याचे शुल्क नाही. जाणकारांना या गोष्टीचा खरा आनंद झाला. फोन कुरूप असेल, पण दार उघडले आहे, असे त्यांना वाटले.

शंका घेणारेही होते, आणि त्यांच्या शंका पोकळ नव्हत्या. दोन वर्षांच्या करारावर १७९ डॉलरला मिळणारा तो फोन टी-मोबाईलच्या सिमला बांधलेला होता. कुलपे नसलेला फोन गूगलने डिसेंबर २००८ मध्ये काढला, पण तो नोंदणी केलेल्या प्रोग्रामकारांसाठी आणि ३९९ डॉलरला. म्हणजे खुलेपणालाही वेगळा दर होता.

याहून गमतीची गोष्ट नोव्हेंबरात घडली. जी-१ मध्ये एक चूक राहून गेली होती. टंकफलकावर जे टाइप करावे, ते फोनच्या सर्वाधिकारी अंतर्भागातही आज्ञा म्हणून पोहोचत असे. कोणाला निरोप लिहिताना 'रीबूट' हा इंग्रजी शब्द टाइप करून पुढची कळ दाबली, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! लोक हसले. पण हौशी मंडळींनी याच फटीतून आत शिरून फोनचा पूर्ण ताबा मिळवला. लवकरच दुरुस्ती पाठवून फट बुजवण्यात आली. ज्याची आज्ञावली साऱ्या जगापुढे मांडलेली, त्या फोनच्या मालकाला स्वतःच्याच फोनमध्ये खिडकीतून उडी मारून शिरावे लागावे, हे वाचून मी बराच वेळ विचार करीत राहिले.

इथे मला महाडचे चवदार तळे आठवते. लहानाची तुलना फार मोठ्याशी होते आहे, याची मला जाणीव आहे. पाणी हा माणसाचा हक्क, फोन ही विकत घ्यायची वस्तू. तुलना फक्त एका शब्दापुरती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालचा. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो माणसे २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर जाऊन पाणी पिईपर्यंत तो शब्द कागदावरच राहिला, आणि त्या दिवशीही त्यांना मार खावा लागला. खुले म्हणणे वेगळे आणि खुले असणे वेगळे, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको.

आमच्या घरचा अनुभव छोटा आहे. दादा तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. माझ्या जुन्या फोनला कंपनीने नवी आवृत्ती देणे थांबवले, आणि हळूहळू एकेक ॲप 'चालणार नाही' म्हणू लागले. फोन धडधाकट होता. मी म्हटले, "दादा, आज्ञावली खुली आहे म्हणतात, मग दुसरी घाल की यात."

दादाने दोन रात्री खटपट केली. शेवटी म्हणाला, "सॉफ्टवेअर मारायला मी तयार आहे गं, पण कंपनीनं आतून कुलूप घातलंय. किल्ली मागायची सोयच ठेवली नाही."

मसाल्याचे प्रमाण जगजाहीर, पण पातेल्याचे झाकण सोल्डर केलेले! तो फोन आज कपाटात पडून आहे.

तरीही एवढ्यावरून खुलेपणा खोटा ठरवणे मला न्यायाचे वाटत नाही. शुल्क नव्हते म्हणून अनेक कंपन्यांनी ही प्रणाली घेतली आणि फोन स्वस्त झाले. त्याशिवाय आमच्या घरी असा फोन आलाच नसता. त्याच वेळी हेही खरे, की प्रमाण वाटणाऱ्याच्या हाती बाजाराची सत्ता गेली. २०२२ साली भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या व्यवहारावरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात २०२३ साली दंड कायम राहिला, काही निर्देश मात्र रद्द झाले.

आणि भाषा? अँड्रॉइडच्या पहिल्या काही वर्षांत देवनागरी अक्षरे अनेक फोनांवर नीट दिसतच नसत, शब्दांऐवजी चौकोन उमटत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही प्रणालीची भाषा झाली. माझी आई चौथी शिकलेली. तिचा फोन मी मराठीत करून दिला, तेव्हा तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "एवढे दिवस हे सगळं इथंच होतं होय?" इथेच होते. फक्त तिला वाचता येईल अशा अक्षरांत नव्हते.

जी-१ पाहून २००८ साली जे भारावले तेही बरोबर होते आणि ज्यांनी शंका घेतली तेही, असे मला वाटते. एखादी गोष्ट खुली आहे असे कोणी सांगितले, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. किल्ली कोणाकडे आहे? आत जायला किती पैसे पडतात? आणि पाटी कोणत्या भाषेत लावली आहे? महाविद्यालयाचे दारही आमच्यासारख्यांना खुलेच आहे. माझ्या घरातून त्यातून आत येणारी मी पहिली. म्हणूनच हे प्रश्न मला यंत्राचे वाटत नाहीत. आई आणि दादा दाराबाहेर उभे असताना ते मला आतून विचारायचे आहेत.